करंजवेल आणि बोरतळीचा मसावि

भाज्य

करंजवेलच्या चौथऱ्यावर काळ्या दगडात एक संख्या कोरलेली होती. जवळजवळ बाराशे अंकांची, ओळीखाली ओळ, दगड भरून. कोरणाऱ्याने मधे श्वास घ्यायलाही जागा ठेवली नव्हती. नवी सून गावात आली की तिला या दगडासमोर उभं करायचे आणि चेष्टेने म्हणायचे, "वाच बरं, आपल्या पाण्याचा आकडा." सांजणी नदीच्या पलीकडे बोरतळीत तसाच दगड होता, त्यावर दुसरी संख्या. दोन गावांच्या मधे बंधारा, आणि बंधाऱ्याच्या दाराला या दोन संख्यांचं कुलूप.

एका पाटावर भिजणाऱ्या शेतांना तिकडे फड म्हणतात. कोणाच्या शेताला पाण्याची पाळी कधी, हे आजवर माणसंच ठरवत आली होती, आणि त्यावरून डोकीही फुटत आली होती. म्हणून यंत्राचं कुलूप आलं. दार उघडायचं तर दोन्ही गावांच्या किल्ल्या लागणार. एका गावाचं चालणार नाही.

कुलपामागचं गणित तसं सोपं होतं. दोन मूळ संख्या घ्यायच्या, म्हणजे ज्यांना एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशा. त्याही सहाशे-सहाशे अंकी. त्यांचा गुणाकार करायचा. तो यंत्र पापणी लवायच्या आत करतं. पण गुणाकार समोर ठेवून 'हा कोणत्या दोन संख्यांचा?' असं विचारलं, तर जगभरची यंत्रं जन्मभर राबली तरी उत्तर मिळत नाही. म्हणून गुणाकार खुशाल चौकात कोरायचा आणि त्याचे दोन अवयव लपवायचे. ते दोन अवयव, तीच किल्ली; गळ्यात घालायच्या छोट्या यंत्रात साठवलेली, ज्याची त्याच्या अंगठ्यानेच उघडणारी.

आता मूळ संख्या शोधायची तर सुरुवात कुठून तरी करावी लागते. कुलूप बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "ती सुरुवात यंत्र स्वतः ठरवतं. वाऱ्याची खरखर ऐकतं आणि त्यातून आकडे उचलतं. कोणालाच आधी सांगता येत नाही."

दोन्ही गावांनी एका सुरात नकार दिला. या दोन गावांचं एकमत झालेली पन्नास वर्षांतली ती पहिली गोष्ट. यंत्राचं नशीब म्हणजे कंपनीच्या खिशातला फासा, असं सगळ्यांचं म्हणणं. आकडा आमच्या माणसाच्या मनातूनच निघाला पाहिजे. शेवटी ठरलं ते असं: किल्लीदाराने यंत्राला मनातल्या दोन गोष्टी सांगायच्या, एक घरची आणि एक बाहेरची. कुठे लिहिलेली नाही, कोणा जिवंत माणसाला ठाऊक नाही, अशी. यंत्र प्रत्येक गोष्ट कणकेसारखी मळणार, तिची सहाशे अंकी संख्या करणार आणि तिथून एकेक पायरी वर चढत पहिली मूळ संख्या भेटेल तिथे थांबणार. त्याच पिठाची तीच पोळी, दरवेळी.

"चिमूटभर तरी यंत्राचं मीठ पडू द्या, वाऱ्यातले चार आकडे," इंजिनिअर काकुळतीला आला.

"आमच्याकडे मीठ भरपूर आहे," रतन आबा म्हणाले. ते करंजवेलच्या फडाचे प्रमुख.

राहिला प्रश्न किल्लीदारांचा. दोघं एकमेकांना फितूर होणार नाहीत, अशी माणसं हवी होती. शपथेवर कोणाचा विश्वास नव्हता, पण भांडणावर होता. करंजवेलने चारुशीलाला निवडलं. ती शाळेत गणित शिकवायची, आणि माहेर बोरतळीचं असूनही तिने नदी ओलांडणं सोडलं होतं. बोरतळीने निवडला तिचा सख्खा भाऊ हेमराज, मोटार वायंडिंगवाला. आई गेली तेव्हापासून दोघांत अबोला होता.

"बाई, रागावू नका," रतन आबा तेव्हा म्हणाले होते, "पण तुमचं न् हेमराजचं वाकडं आहे, हेच आमच्या पाण्याचं नशीब. तेवढं सांभाळा."

वर सभेने नियमच करून टाकला: किल्लीदारांनी एकमेकांशी बोलायचं नाही. आणि ज्याची किल्ली फुटेल त्याच्या घरची पाळी दसऱ्यापर्यंत बंद.

या चैत्रात एका सकाळी पाटकरी पाट सोडायला गेला, तर बंधाऱ्यात नुसता गाळ चमकत होता. सगळं पाणी खाली हायड्रोजनच्या कारखान्याच्या तळ्यात गेलं होतं. कारखान्याने हात वर केले: वाहून आलं ते आम्ही उचललं. कुलपाने नोंद दाखवली. दार जोर लावून उघडलेलं नव्हतं. दोन्ही किल्ल्या लागल्या होत्या, दोन्ही बरोबर.

चारुशीलाच्या घरची तीन एकर केळी तेव्हा घडावर होती.

भाजक

— किल्ली कुठे असते, बाई?

— माझ्या गळ्यात.

— झोपताना?

— गळ्यात.

— आंघोळीला?

— सय्यदसाहेब, गळ्यातच.

— यजमानांनी कधी हाताळली?

— त्यांच्या अंगठ्याने ती उघडत नाही.

— मी ते विचारलं नाही.

— नाही हाताळली.

— यंत्राला घरची गोष्ट कोणती सांगितलीत?

— ते सांगायचं नसतं ना?

— बरोबर. बघत होतो, सांगता का. भावाशी शेवटचं कधी बोललात?

— आईच्या तेराव्याला.

— काय बोललात?

— मी म्हणाले, तू थांबला नाहीस. तो म्हणाला, तू आली नाहीस.

— राखी?

— नाही.

— भाऊबीज?

— नाही.

— सख्ख्या भावंडांत एवढं टोकाला सहसा जात नाही.

— म्हणजे?

— काही नाही. दाखवायलाही असू शकतं, एवढंच.

पाणी लवादाच्या सय्यदसाहेबांनी चहाचा कप अर्धाच ठेवला आणि ते नदी ओलांडून हेमराजकडे गेले. जाताना हसून म्हणाले, "त्यांनाही हेच विचारणार आहे. उत्तरं फार जुळली तर मात्र पंचाईत."

त्या दिवसापासून करंजवेलमध्ये चारुशीला आली की बोलणं थांबायचं. पाणवठ्यावर कोणी तरी मुद्दाम मोठ्याने म्हणायचं, "माहेर ते माहेरच ना व!" शाळेत मुख्याध्यापकांनी तिला कपाटाची किल्ली मागितली, आणि देताना तिच्या लक्षात आलं की त्यांनी तिचे हात निरखले. रात्री जेवताना कैलास, तिचा नवरा, ताटाकडे बघत म्हणाला, "मी तुला विचारू नाही राहिलो."

"मग?"

"मग काही नाही. केळीला अजून आठवडाभर दम निघेल. तोवर वरच्या धरणातून पाणी सुटेल, पण आपली पाळी बंद झाली तर घड काळे पडतील." जरा थांबून तो म्हणाला, "तुझी किल्ली तू दिली नाहीस. मग त्याने तुझी कुठून घेतली?"

'त्याने'. चारुशीलाने तो शब्द ऐकला आणि तिला कैलासचा राग आला नाही. कारण तिच्या मनातही तेच होतं. हेमराजने स्वतःची किल्ली विकली असेल, हे तिला सहज पटत होतं. ज्याने आईला बहिणीची वाट न बघता दुपारीच स्मशानात पोचवलं, त्याला पाण्याचं काय? तसं तिला बोरतळीच्याच एका शेजारणीने तेव्हा सांगितलं होतं: दुपारीच उरकलं. चारुशीला निवडणुकीच्या कामावर नंदुरबारला होती. ती गाड्या बदलत पोचली तेव्हा अंधार पडला होता.

पण त्याची किल्ली गेली, तरी तिची कशी गेली? ती तर गळ्यात होती.

पहिली बाकी

ती हेमराजच्या संख्येच्या मागे लागली. संख्या काही गुपित नव्हती, नदीपलीकडच्या दगडाचा फोटो कोणाच्याही फोनवर होता. याने नक्की काही तरी लबाडी करून कच्ची संख्या बनवली असणार. दोन्ही मूळ संख्या एकमेकींच्या जवळच्या घेतल्या असतील तर वर्गमुळावरून सापडतील, म्हणून तिने वर्गमूळ काढलं. अवयव लहान असेल म्हणून शाळेच्या संगणकाला कोटी कोटी मूळ संख्यांनी भागायला लावलं. संख्या टस की मस झाली नाही. हेमराजची संख्या तितकीच पक्की होती जितकी तिची.

पाचवीच्या वर्गात त्या दिवशी मसावि होता. महत्तम सामाईक विभाजक: दोन संख्यांना भाग जाईल अशी मोठ्यात मोठी संख्या. तिने फळ्यावर लिहिलं, ३९१ आणि २९९.

"अवयव सांगा."

कोणालाच येईनात. दिसायला दोन्ही संख्या आडमुठ्या होत्या.

"अवयव नका शोधू. नुसता भाग द्या. २९९ ने ३९१ ला भागलं, बाकी ९२. आता ९२ ने २९९ ला. बाकी २३. २३ ने ९२ ला. बाकी शून्य. झालं. शेवटचा भाजक २३, तोच मसावि. आता २३ ने दोघांना भागा."

"सतरा! तेरा!" वर्ग ओरडला.

खडू तिच्या बोटांत तसाच राहिला. एकेकटी संख्या फुटत नव्हती. शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन्ही फुटल्या, त्याही पाचवीच्या भागाकाराने, कारण दोघींच्या पोटात एकच तेवीस होता.

इंजिनिअरने संख्या मजबूत आहे का ते तपासलं होतं. लवादाने तपासलं होतं. तिने स्वतः चार दिवस तेच केलं होतं. पण तपासली ती प्रत्येक संख्या वेगवेगळी. दोन गावांच्या संख्या एकमेकींशेजारी मांडायचं कोणाला सुचलं नव्हतं, कारण या दोन गावांचं काही सामाईक असेल हेच कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत तिने दोन्ही दगडांच्या संख्या संगणकात घातल्या आणि मसावि विचारला. उत्तर 'एक' यायला हवं होतं. बोट उचलायच्या आत पडदा अंकांनी भरला. सहाशे अंक.

तिने गळ्यातली किल्ली काढून अंक ताडून पाहिले. तो तिचाच अवयव होता. बाहेरच्या गोष्टीचा नव्हे, घरच्या गोष्टीचा.

पहिला विचार आला तो चोरीचाच. याने माझी गोष्ट चोरली. आणि लगेच दुसरा: कुठून? तिने ती कुठे लिहिली नव्हती, कोणाला सांगितली नव्हती. ती फक्त एका जागी होती, आईच्या डाव्या हातावर. हिरवट निळ्या गोंदणाच्या ठिपक्यांच्या ओळी; यंत्राला तिने फक्त ओळीओळीतल्या ठिपक्यांचे आकडे सांगितले होते. आईच्या त्या हाताचा फोटो कधी कोणी काढला नव्हता. तो हात तीन वर्षांपूर्वी राख झाला होता.

यंत्राला गोष्ट सांगताना तिला खात्री होती की हेमराजने ते गोंदण कधी नीट पाहिलंच नसेल. त्याला मोटारींशिवाय काय दिसतं?

दुसरी बाकी

दोन्ही गावांची सभा बंधाऱ्याच्या भिंतीवर भरली. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे, मधे सय्यदसाहेब. हेमराजला का बोलावलंय ते सांगितलं नव्हतं. तो दाराजवळ हाताची घडी घालून उभा राहिला.

"आता काय नवीन काढलंय हिने?" त्याने हे सय्यदसाहेबांना विचारलं. तिच्याकडे पाहिलंही नाही.

चारुशीलाने संगणक रतन आबांसमोर ठेवला. "आबा, तुम्हीच दाबा. दोन दगडांवरचे आकडे आहेत, तिसरं काही नाही. माझी किल्ली ही बघा, काढून साहेबांकडे दिली."

आबांनी चष्मा सावरून बोट टेकवलं. पडदा भरला. त्या आकड्याने तिने दोन्ही संख्यांना भागलं, निघालेले अवयव कुलपाला दिले, आणि कोणाचीही किल्ली न लागता बंधाऱ्याचं दार कुरकुरत वर गेलं. खाली सोडायला पाणी नव्हतं. नुसता आवाज आला.

"म्हणजे कोणालाही येईल हे?" मागून कोणी तरी विचारलं.

"मसावि येत असेल त्या कोणालाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोण किती शिकलंय, याचा हिशेब प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसत होता.

"गावातलाच असेल असं नाही," सय्यदसाहेब म्हणाले. "जगात उघड्या ठेवलेल्या संख्या गोळा करून जोडीजोडीने मसावि काढत बसणारी यंत्रं आहेत. शंभरात एखादी जोडी सापडली तरी त्यांचं भागतं. पण बाई, दोन संख्यांत एकच अवयव आला कसा? हा योगायोग नाही होऊ शकत."

"नाहीच. दादाला विचारा, त्याने घरची गोष्ट कोणती सांगितली."

'दादा' हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि हेमराजने पहिल्यांदा मान वळवली.

"भर सभेत किल्ली फोडायला लावू राहिली का मला?" तो म्हणाला.

"किल्ली मेलेली आहे," सय्यदसाहेब म्हणाले. "सांगा."

तिने दोन पाट्या आणल्या होत्या. दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं. चारुशीलाने झरझर ठिपके दिले: तीन, एक, पाच, मग चार, पुन्हा पाच, एक, तीन. मधली ओळ पाचाचीच व्हायची होती, पण शेवटच्या ठिपक्याला आईने दुखलं म्हणून हात ओढून घेतला होता. मागे हेमराजचा खडू बराच वेळ वाजलाच नाही. मग वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

सय्यदसाहेबांनी पाट्या शेजारी शेजारी धरल्या. मधल्या ओळीत दोन्हीकडे चार ठिपके होते.

"हे काय?" रतन आबांनी विचारलं.

"मायचा हात," हेमराज म्हणाला.

बोरतळीची एक म्हातारी पुढे आली, पाट्या निरखल्या आणि म्हणाली, "हो व. तिने हात ओढला तेव्हा मी शेजारी बसली होती." तेवढ्याने निभावलं असतं तर ती दोन गावं कसली?

"दोघांचं जुळलं म्हणजे ठरवूनच आले असतील!" करंजवेलचा एक जण ओरडला.

"ठरवायचं असतं तर आपापल्या किल्ल्या लावून दार उघडलं असतं की," चारुशीला म्हणाली. "एक अवयव सामाईक ठेवून जगाला दार कशाला दाखवलं असतं?"

सय्यदसाहेबांनी पाट्या भावंडांना परत दिल्या. मग त्यांनी सभेला विचारलं, "यंत्राचं मीठ नको कोण म्हणालं होतं?"

कोणीच हात वर केला नाही.

तिसरी बाकी

निकाल लागला. दोन्ही घरांच्या पाळ्या चालू राहतील, वरच्या धरणातून सुटणारं पाणी त्यांनाही मिळेल. मात्र दोघांचीही किल्लीदारी काढली.

"का, आबा? चोर ठरलो नाही ना आम्ही?" चारुशीलाने विचारलं.

"तुम्ही चोर नाही, बाई," रतन आबा खरोखरच दुःखी दिसत होते. "पण तुमच्यात जुळतं म्हणून सिद्ध झालं. आता तुमचा काय भरवसा?"

नवे किल्लीदार कोण, कोणाचं कोणाशी जास्त वाकडं, यावर सभा पुन्हा पेटली. यंत्राचं मीठ घ्यायचं का, यावर तर दोन्ही गावांत दोन दोन तट पडले. भावंडं भिंतीच्या टोकाला जाऊन बसली, दोघांत दोन हातांचं अंतर आणि त्या दोन पाट्या ठेवून.

"तुला कसं ठाऊक होतं, मधल्या ओळीत चारच?" तिने विचारलं.

"लहानपणी त्याच हातावर झोपायचो. तू झालीस मग मला उठवलं तिथून." तो खाली गाळाकडे बघत होता. "मला वाटलं, तू लहान होतीस, तुला कुठून आठवणार."

"मला वाटलं, तू पाहिलंच नसशील."

सभेतून कोणाचा तरी चढा आवाज आला. दोघांनी तिकडे पाहिलं आणि एकदमच मान फिरवली.

"चारू, तुला एक सांगायचं होतं. तेराव्याला तू बोलूच दिलं नाहीस." त्याने पाटीवरचा खडू बोटाने पुसला. "मी दुपारी नाही उरकलं. कोणी सांगितलं तुला? सूर्य टेकेपर्यंत थांबलो होतो. काका म्हणाले, अंधारात नेत नाहीत. त्यांनी हात धरून ओढलं मला."

शून्य

तिने ताडून बघायचा प्रयत्न केला. काका आता नव्हते. सांगणारी शेजारीण लेकाकडे सुरतला गेली होती. एक खूण मात्र होती: ती पोचली तेव्हा चिता भडकलेली होती की निखाऱ्यावर आली होती? दुपारची असती तर निखारेच उरले असते. तिने डोळे मिटून तो अंधार पुन्हा पुन्हा तपासला. काहीच दिसेना. त्या दिवशी ती फक्त हेमराजकडे बघत होती, रागाने.

आकड्यांचं बरं असतं. भाग देत गेलं की कुठे तरी बाकी संपते.

हेमराज उत्तराची वाट बघत नव्हता. तो पाय खाली सोडून बसला होता.

"सूर्य टेकेपर्यंत?" तिने विचारलं.

"हो."

तिने आणखी काही विचारलं नाही. मधे ठेवलेल्या दोन पाट्या उचलून पलीकडे ठेवल्या आणि ती सरकून त्याच्या शेजारी बसली. सभेतल्या दोन्ही गावांनी ते पाहिलं, आणि रतन आबांनी शेजारच्याच्या कानात काही तरी सांगितलं.